शब्दाआडचा आवाज

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फोर्थ नदीच्या खाडीला लागून ग्रेंजमाउथ नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात फोर्थ आणि क्लाइड या दोन नद्यांना जोडणारा कालवा खणला गेला आणि त्याच्या पूर्वेकडच्या तोंडाशी हे गाव वसलं. १९२४ मध्ये तिथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि बंदराचं गाव कारखान्याचं गाव झालं. चिमण्यांच्या टोकाशी ज्वाळा, रात्रभर दिवे, हवेत वास. कॉक्टो ट्विन्स हा बँड या गावातला. त्यांच्या संगीताबद्दल लिहिताना परदेशी समीक्षक बर्फ, समुद्र, स्वर्ग, देवदूत असली विशेषणं वापरतात. मला मात्र त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा गावाचं वर्णनच जास्त ओळखीचं वाटलं. माझं लहानपण चेंबूरला गेलं, वडील माहुलच्या रिफायनरीत फिटर होते. रात्री गच्चीवरून दिसणारी ती ज्वाळा आम्हा पोरांना आकाशाचाच भाग वाटायची. अशा जागी वाढलेल्या माणसाच्या कानात यंत्राचा एक सततचा सूर मुरलेला असतो. या बँडच्या गिटारच्या तळाशी मला तो ऐकू येतो.

रॉबिन गथ्री आणि विल हेगी या दोन मित्रांनी १९७९ मध्ये बँड सुरू केला. गथ्री गिटार वाजवायचा, हेगी बेस. ड्रमर मिळाला नाही म्हणून ड्रम मशीन घेतलं. पंकचा जमाना होता, वाजवायला शिकून मग मंचावर जायचं ही अट उरली नव्हती. नाव घेतलं ते एका गाण्यावरून. ‘सिंपल माइंड्स’ हा पुढे गाजलेला बँड आधी वेगळ्या नावाने वाजवायचा, तेव्हा त्यांचं ‘द कॉक्टो ट्विन्स’ असं एक गाणं होतं. गावातल्या हॉटेल इंटरनॅशनलमध्ये डिस्को चालायचा. तिथे गथ्री रेकॉर्ड लावायचा आणि एक सतरा वर्षांची मुलगी येऊन नाचायची. ती कुणाशी फारसं बोलत नसे. तिचं नाचणं पाहून या दोघांनी ठरवलं, हिला गाता येत असणार, आणि तिला विचारलं. एलिझाबेथ फ्रेझर १९८१ मध्ये बँडमध्ये आली.

त्यांनी घरी केलेल्या कॅसेट लंडनला पोचवल्या. एक बीबीसीचा निवेदक जॉन पील याला, आणि एक आयव्हो वॉट्स-रसेलला. वॉट्स-रसेलने ‘फोर एडी’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी १९८० मध्ये पीटर केंटबरोबर सुरू केली होती. गथ्रीला ‘द बर्थडे पार्टी’ या ऑस्ट्रेलियन बँडचं वेड होतं, तो बँड फोर एडीवर होता, म्हणून कॅसेट तिथे. दोन्ही ठिकाणांहून बोलावणं आलं. पहिला अल्बम ‘गार्लंड्स’ १९८२ मध्ये आला. तो लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत झाला, एका वापरातून काढलेल्या चर्चमध्ये. आज ऐकताना तो अल्बम काळा, कोंदट, थोडा भेदरलेला वाटतो. बेस पुढे, ड्रम मशीन कोरडं, आवाज थरथरता. वीस वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांनी जे ऐकलं होतं तेच पुन्हा वाजवलं. पण शब्द तेव्हाही नीट कळत नव्हते, आणि इथूनच माझ्या दृष्टीने या बँडचा खरा इतिहास सुरू होतो.

मी रेकॉर्डिस्ट आहे. मुंबईच्या लहान-मोठ्या स्टुडिओंत मी भावगीतं, भक्तिगीतं, जाहिरातींच्या जिंगल, मालिकांची शीर्षकगीतं ध्वनिमुद्रित केली. या धंद्यात मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं ते एकच: शब्द कळला पाहिजे. ‘गीतरामायण’ ऐकून वाढलेल्या पिढीने हा नियम घालून दिला. सुधीर फडक्यांच्या उच्चारात जोडाक्षराची एकही कड बोथट होत नाही. वाद्यं कितीही असोत, मिक्सरवरचा फेडर हातात घेतला की आधी गायकाचा आवाज वर, मग बाकीचं. असा कान घेऊन मी एका गिटारवादकाने आणलेल्या कॅसेटवर कॉक्टो ट्विन्स ऐकले. बाईचा आवाज मधोमध, तरी त्यातलं एक वाक्य हाती लागेना. आणि तरीही गाण्यात काही कमी आहे असं कुठेच वाटेना. मला याचा उलगडा हवा होता, आणि त्यासाठी मी या बँडच्या मागे लागलो.

१९८३ हे साल त्यांच्यासाठी फार मोठं. ओएमडी या बँडबरोबरच्या दौऱ्यानंतर विल हेगी बाहेर पडला. उरले दोघं, गथ्री आणि फ्रेझर, जे आता सोबत राहत होते. त्यांनी एडिनबराच्या पॅलेडियम स्टुडिओत ‘हेड ओव्हर हील्स’ केला. इथे गथ्रीला त्याची वाट सापडली. त्याचं गिटार तसं सोपं आहे. अवघड सुरावटी नाहीत, बोटांची करामत नाही. साधे कॉर्ड मोकळे छेडायचे आणि ते कोरस, डिले, डिस्टॉर्शन, रिव्हर्ब अशा पेडल आणि यंत्रांच्या रांगेतून पाठवायचे. एक स्वर संपायच्या आत त्याचा पडसाद दुसऱ्यावर चढतो. असे थर एकावर एक दिले की गिटारच्या तारेचा आघात विरून जातो आणि उरतो तो फक्त रंग. ज्यांना यात आळस दिसतो त्यांनी एकदा स्वतः करून पाहावं. थर वाढवले की चिखल होतो. गथ्रीचा चिखल होत नाही, कारण प्रत्येक थराला तो वेगळी उंची आणि वेगळी जागा देतो. आणि त्या थरांच्या वर फ्रेझर स्वतःच्याच आवाजाशी बोलू लागली: एक आवाज मुख्य ओळ गातो, दुसरा त्याला आडवा जातो, तिसरा वर कुठेतरी तरंगतो, तिन्ही तिचेच.

त्याच वर्षी वॉट्स-रसेलने आपल्या कंपनीतल्या कलाकारांना एकत्र करून ‘धिस मॉर्टल कॉइल’ नावाचा प्रकल्प सुरू केला. एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूसाठी गायक टिम बकलीचं ‘साँग टू द सायरन’ घ्यायचं ठरलं. आधी कल्पना होती नुसत्या आवाजाची, वाद्याशिवाय. ते जमेना तेव्हा गथ्री भिंतीला टेकून गिटार छेडत राहिला आणि फ्रेझर गायली. दुसऱ्या बाजूचं ते गाणंच पहिल्या बाजूवर आलं. ब्रिटनच्या खपाच्या मुख्य यादीत ते ६६व्या क्रमांकापर्यंतच गेलं, पण स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत १०१ आठवडे टिकलं. दिग्दर्शक डेव्हिड लिंचला ते ‘ब्लू वेल्वेट’साठी हवं होतं, परवडलं नाही. मग त्याने संगीतकार आंजेलो बादालामेंतीकडून नवं गाणं करून घेतलं, ज्युली क्रूझने गायलेलं. लिंच आणि बादालामेंतीची जोडी त्या गाण्यातून घट्ट झाली, आणि मूळ गाणं लिंचने शेवटी १९९७ मध्ये ‘लॉस्ट हायवे’त वापरलं. माझं म्हणणं असं आहे की या गाण्यात फ्रेझरचा शब्द स्वच्छ ऐकू येतो तो केवळ शब्द दुसऱ्याचे होते म्हणून. परक्याच्या ओळीमागे ती सुरक्षित होती, तिथे तिला लपायची गरज नव्हती.

१९८३च्या अखेरीला सायमन रेमंड आला. तो बेगर्स बँक्वेटच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा, आणि फोर एडी ही त्याच बेगर्स बँक्वेटची शाखा. त्याचे वडील आयव्हर रेमंड हे साठच्या दशकातले नावाजलेले संगीत संयोजक. डस्टी स्प्रिंगफील्डच्या पहिल्या मोठ्या गाण्याच्या निर्मितीत त्यांचं नाव आहे. म्हणजे घरात व्हायोलिनच्या ताफ्यांचं संगीत, आणि मुलगा बेस व पियानो घेऊन या धुक्यात शिरला. रेमंड आल्यावर चालीला पाया मिळाला. १९८४ मध्ये ‘पर्ली ड्यूड्रॉप्स ड्रॉप्स’ मुख्य यादीत २९व्या क्रमांकावर गेलं, बँडचं सगळ्यात वर पोचलेलं एकल गाणं तेच राहिलं. त्याच वर्षी ‘ट्रेझर’ आला. दहा गाणी आणि दहाही गाण्यांची शीर्षकं म्हणजे नावं: आयव्हो, लोरेलाय, बिअॅट्रिक्स, पर्सेफनी, पँडोरा… ब्रायन ईनोला त्यासाठी निर्माता म्हणून विचारलं होतं, त्याने सांगितलं की तुम्हाला माझी गरज नाही. चाहते या अल्बमची पूजा करतात आणि गथ्रीला तो अजिबात आवडत नाही, हे त्याने वारंवार बोलून दाखवलं आहे. घाईत झालेलं, अर्धवट काम अशी त्याची तक्रार. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने त्याचं खरं आहे, ढोलाचा आवाज त्या काळच्या फॅशनमध्ये अडकलेला आहे. पण ‘लोरेलाय’मधल्या त्या दोन आवाजांच्या झटापटीसाठी मी त्याच्याशी भांडेन.

या रेकॉर्डची वेष्टनंही त्याच धुक्यातली. वॉन ऑलिव्हर आणि छायाचित्रकार नायजेल ग्रिअर्सन या जोडीने ‘ट्वेंटी थ्री एन्व्हलप’ या नावाने ती केली. बँडचा चेहरा वेष्टनावर नसायचा. लेस, पाणी, गंज, काहीतरी अर्धवट दिसणारं. शब्द नाहीत, चेहरा नाही, मुलाखतीत फ्रेझर जेमतेम बोलणार. एक साप्ताहिक तिच्या आवाजाला देवाचा आवाज म्हणून बसलं आणि ते ओझं तिला आयुष्यभर वाहावं लागलं.

मग शब्दांचं काय? फ्रेझर शब्द गोळा करायची. जी भाषा आपल्याला येत नाही तिची पुस्तकं, शब्दकोश चाळायचे, नादासाठी शब्द उचलायचे, काही स्वतः बनवायचे. हे तिने स्वतःच पुढे सांगितलं आहे. आपल्याकडच्या गाण्याशी हे जुळवून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण माझ्यापुढचा प्रश्न त्यातूनच सुटला. तराणा गाणारा ‘तन देरे ना, दीम तोम’ म्हणतो तेव्हा कुणी अर्थ विचारत नाही. उस्ताद अमीर खाँ मात्र विचारत राहिले. तराण्याचे बोल फारसीतले अर्थपूर्ण शब्द आहेत असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी त्यावर अभ्यास केला. किशोरीताई आमोणकरांनी उलट बाजू घेतली, स्वरालाच स्वतःची भाषा आहे, शब्दाचा आधार त्याला लागत नाही. फ्रेझर या दोन्ही टोकांच्या मधे कुठेतरी आहे. तिच्या गाण्यात अर्थ नाही असं नव्हतं. अर्थ होता, पण तो फक्त तिच्याजवळ. आपण काय म्हणतोय हे कुणाला कळू नये यासाठी एखादी बाई किती सुंदर कुंपण उभारू शकते, ते इथे ऐकायला मिळतं. तराणा मोकळेपणातून येतो. हिचं गाणं भिडेतून आलं आणि तरी त्याच मोकळेपणाला जाऊन पोचलं.

१९८६चा ‘व्हिक्टोरियालँड’ हा माझ्या मते त्यांचा सर्वांत खोल अल्बम. रेमंड तेव्हा ‘धिस मॉर्टल कॉइल’च्या दुसऱ्या अल्बमात अडकलेला, म्हणून बेस जवळजवळ नाहीच. ड्रम मशीनही बहुतेक बाजूला ठेवलेलं. सोबतीला ‘डिफ जझ’ बँडचा रिचर्ड टॉमस होता. त्याने सॅक्सोफोन वाजवला आणि तबलाही. त्या काळी पाश्चात्त्य रेकॉर्डवर तबला आला की तो पूर्वेचा मसाला म्हणून यायचा. इथे तसं नाही, डग्ग्याची घुमार गिटारच्या पडसादात इतकी मिसळलेली आहे की सांगितल्याशिवाय अनेकांना ती कळतही नाही. अल्बमचं नाव अंटार्क्टिकातल्या प्रदेशाचं, आणि गाण्यांची बरीच नावं डेव्हिड अॅटनबरोच्या ‘द लिव्हिंग प्लॅनेट’ या पुस्तकातून उचललेली. ‘ऊमिंगमाक’ म्हणजे इन्युइट लोकांच्या भाषेत ध्रुवावरचा केसाळ कस्तुरी बैल. अल्बम अर्ध्या तासाहून जेमतेम मोठा, म्हणून मूळ तबकडी ४५च्या वेगाने फिरवायची काढली. तबकडी जितकी वेगाने फिरते तितकी खोबणीत वरच्या स्वरांना जागा जास्त मिळते. या आवाजाला तीच जागा हवी होती. ब्रिटनच्या यादीत तो दहाव्या क्रमांकावर गेला, ढोल नसलेला, बेस नसलेला, शब्द न कळणारा अल्बम! त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन पियानोवादक हॅरल्ड बडबरोबर ‘द मून अँड द मेलोडीज’ केला.

१९८७च्या सुमाराला या प्रकारच्या संगीताला ‘ड्रीम पॉप’ म्हणू लागले. हे नाव रूढ करण्याचं श्रेय ‘ए. आर. केन’ या लंडनच्या बँडमधल्या अॅलेक्स आयुलीकडे जातं. त्यांची ‘लोलिता’ ही रेकॉर्ड गथ्रीनेच घडवली होती. म्हणजे नाव दुसऱ्याने ठेवलं तरी हात याचाच. पुढे ‘लश’ या बँडचा ‘स्पूकी’ही गथ्रीने केला. गथ्रीचा तो गिटारचा थर एव्हाना इंग्लंडभरच्या पोरांनी उचलला होता, बऱ्याच जणांनी त्यातला चिखल तेवढा घेतला.

१९८८च्या ‘ब्लू बेल नॉल’साठी अमेरिकेत कॅपिटॉलसारख्या मोठ्या कंपनीशी करार झाला. मग थेम्सकाठी ट्विकनमला, पीट टाउनशेंडच्या जागेत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला, सप्टेंबर साउंड. १९८९ मध्ये फ्रेझर आणि गथ्रीला मुलगी झाली. गथ्री त्या वेळी कोकेनच्या आहारी गेला होता. रेमंडचे वडील १९९०मध्ये गेले. एका घरात पाळणा, एकात मृत्यू, आणि स्टुडिओत नशा. अशा दिवसांत ‘हेव्हन ऑर लास वेगास’ तयार झाला. तो सप्टेंबर १९९० मध्ये आला आणि सातव्या क्रमांकावर पोचला. मिक्समध्ये पहिल्यांदा आवाज धुक्याबाहेर उभा आहे. चाली स्पष्ट, ठेका नाचरा. आणि कान देऊन ऐकलं तर शब्दही कळू लागतात, बाळाबद्दलचे, आईपणाबद्दलचे. मूल झाल्यावर तिला लपणं जमेना, किंवा लपावंसं वाटेना. जो माणूस गिटारचे पडदे विणत होता तो तेव्हा स्वतःच नशेच्या आड गेला होता. दोघांनी जागा बदलल्या होत्या. या अल्बमातला उजेड मला म्हणूनच आनंदाचा न वाटता धीराचा वाटतो.

याच यशाच्या टोकावर वॉट्स-रसेलने त्यांच्याशी असलेलं नातं तोडलं. १९९०च्या अखेरीला फोर एडीने बँडला सोडलं. दोन्हीकडची माणसं थकलेली होती, पैशाचे आणि स्वभावाचे वाद साचले होते. मग फाँटाना ही मोठी कंपनी. १९९३ मध्ये ‘फोर कॅलेंडर कॅफे’ आला. हे नाव विल्यम लीस्ट हीट-मून या लेखकाच्या प्रवासवर्णनातून घेतलं: रस्त्यावरच्या खानावळीच्या भिंतीवर जितकी कॅलेंडरं जास्त, तितकं जेवण चांगलं. गथ्री व्यसनमुक्तीच्या उपचारांतून गेला होता, फ्रेझर मानसोपचार घेत होती, आणि दोघं वेगळे झाले होते. इथे तिने कुंपण काढून टाकलं. साध्या इंग्रजीत ती विचारते, हा माणूस माझ्यासाठी बरा की वाईट, मी कोण. जुने चाहते हिरमुसले, गूढ गेलं म्हणाले. त्या वेळी मीही हा अल्बम बाजूला ठेवला होता, पण आता मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर आहे. ज्या माणसापासून वेगळी झाली त्याच्याच गिटारवर, त्याच्याच स्टुडिओत, त्याच्याबद्दल उघड शब्दांत गाणं, आणि ते त्याने मिक्स करणं. काचेच्या पलीकडे उभ्या गायिकेचा टेक घेणं माझं रोजचं काम आहे, म्हणून हे मला अंगावर येतं.

पुढचं वेगाने घडलं. १९९५ मध्ये दोन छोट्या रेकॉर्ड, १९९६ मध्ये ‘मिल्क अँड किसेस’, आणि १९९७ मध्ये नव्या अल्बमचं काम चालू असतानाच बँड संपला. त्याच वर्षी २९ मे रोजी टिम बकलीचा मुलगा जेफ मेंफिसला नदीत बुडून गेला. तो आणि फ्रेझर एकेकाळी जवळ होते. ती तेव्हा मॅसिव्ह अटॅक या तिघांच्या बँडसाठी ‘टिअरड्रॉप’ गात होती. या गाण्याची चाल त्या तिघांतल्या एकाने मॅडोनाकडे पाठवली होती, बाकी दोघांनी फ्रेझरसाठी हट्ट धरला. १९९८ मध्ये ते गाणं ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर गेलं, म्हणजे स्वतःच्या बँडच्या एकल गाण्याने ती जिथे कधी पोचली नाही तिथे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या चित्रपटात गँडाल्फसाठीचा विलाप तिच्या आवाजात आहे, एल्फ लोकांच्या रचलेल्या भाषेत. जी बाई आयुष्यभर न कळणारे शब्द गायली तिच्याकडे हॉलिवूड त्याच कामासाठी आलं.

रेमंड आणि गथ्री यांनी सुरू केलेली ‘बेला युनियन’ ही कंपनी पुढे रेमंडने एकट्याने चालवली. फ्लीट फॉक्सेस, बीच हाउस, जॉन ग्रँट यांच्या रेकॉर्ड तिने काढल्या. गथ्री फ्रान्सला गेला, वाद्यसंगीताचे अल्बम करत राहिला, बडबरोबरही. त्या दोघांचा ‘अनदर फ्लॉवर’ डिसेंबर २०२० मध्ये आला आणि काही दिवसांतच बड करोनाने गेले. २००५ मध्ये कोचेला महोत्सवात बँड पुन्हा वाजवणार अशी घोषणा झाली होती, त्यापुढे जगभरच्या दौऱ्याचाही विचार होता. फ्रेझरने नकार दिला. गथ्रीबरोबर मंचावर उभं राहणं जमणार नाही, असं तिने नंतर सांगितलं. लोक आजही तिला याबद्दल बोल लावतात. मला तो नकार तिच्या गाण्याशी पूर्ण प्रामाणिक वाटतो. २०२२ मध्ये तिने आपल्या जोडीदाराबरोबर ‘सन्स सिग्नेचर’ नावाने नवी गाणी काढली, आणि २०२४ मध्ये बँडला आयव्हर नोव्हेलो पुरस्कारांत गौरवलं गेलं. ग्रेंजमाउथच्या रिफायनरीत कच्च्या तेलाचं शुद्धीकरण एप्रिल २०२५ मध्ये थांबलं, एक शतक पूर्ण करून.

कुणी मला विचारतं, सुरुवात कुठून करू. मी सांगतो, ‘हेव्हन ऑर लास वेगास’ने, कारण तिथे दार उघडं आहे. मग मागे ‘व्हिक्टोरियालँड’कडे जा, आणि तिथून पुढे ‘फोर कॅलेंडर कॅफे’कडे. गाण्याचे शब्द इंटरनेटवर शोधू नका. चाहत्यांनी लिहून काढलेले पाठ एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यातले बरेच अंदाज आहेत. इअरफोन टाळा, खोलीत दोन चांगले स्पीकर लावा आणि त्यांच्यापासून थोडं दूर बसा. गथ्रीच्या पडसादांना पसरायला हवा लागते.